रात्रीपुरती जागा

होस्टेलच्या रूमवर मुक्कामाला येणारे पाहुणे दोन प्रकारचे असतात. पहिला येतो, कोपऱ्यात सतरंजी टाकतो, झोपतो आणि सकाळी सतरंजीची घडी करून चहा पिऊन निघतो. दुसरा आल्या आल्या दोरीवर टॉवेल वाळत घालतो, तुमची बादली घेतो, रात्री एकपर्यंत गाणी लावतो आणि परवा जातो म्हणून सांगतो. मी स्वतःला कायम पहिल्या प्रकारातला समजायचो. २०१९ च्या मे महिन्यात, अमेरिकेत एम.एस. करत असताना, कॅलिफोर्नियातल्या एका रेस्ट एरियात तो गैरसमज दूर झाला.

आम्ही चौघांनी भाड्याने आर.व्ही. घेतली होती. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचं घर! पंचवीस फुटी गाडीत पलंग, गॅस, फ्रीज, संडास-बाथरूम, सगळं. इंटरस्टेट ५ वरून उत्तरेला जायचं आणि कॅम्पग्राऊंडचे पैसे वाचवायला रात्र रेस्ट एरियात काढायची, असा प्लॅन होता.

रेस्ट एरिया म्हणजे सरकारने हायवेच्या कडेला बांधलेली विश्रांतीची जागा. पार्किंग, स्वच्छतागृह, पाणी, झाडाखाली बाकं. इंटरस्टेटवर १९५६ च्या कायद्यापासून अशा जागांवर धंदा करायला बंदी आहे. त्यामुळे काही जुने अपवाद सोडले, तर तिथे हॉटेल नाही की पेट्रोलपंप नाही. मुक्कामाचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. कॅलिफोर्नियात ८ तास थांबता येतं, ओरेगॉनमध्ये १२, टेक्सासमध्ये २४, तर फ्लोरिडात सर्वसाधारण गाड्यांना फक्त ३. तेव्हा पहिला धडा हा, की राज्य बदललं की पाटी नव्याने वाचायची.

दुसरा धडा आम्ही चुकून शिकलो. संध्याकाळी सातला पोचलो. ट्रक आणि आर.व्ही. यांच्यासाठीच्या लांब जागांपैकी एक रिकामी दिसली, घुसवली गाडी. गाडीचा बाजूला सरकणारा भाग, म्हणजे स्लाइड-आउट, बाहेर काढला. जॅक टेकवले. खुर्च्या मांडल्या. उकडत होतं म्हणून जनरेटर लावून ए.सी. सुरू केला. आणि कांदे-बटाट्याचा रस्सा!

रात्री अकराच्या सुमारास दार वाजलं. बाहेर साठीचा एक ट्रक ड्रायव्हर. आवाज अगदी शांत. म्हणाला, "पोरांनो, माझ्या घड्याळात वीस मिनिटं उरलीत. तुमची गाडी पुढच्या कोपऱ्यात मावते. माझी नाही मावत."

ते "घड्याळ" काय, हे आम्हाला नंतर कळलं. तिथे मालवाहू ट्रकच्या ड्रायव्हरला सलग १० तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, आणि तीही काम सुरू केल्यापासून १४ तासांच्या आत. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकना इलेक्ट्रॉनिक यंत्र लावावं लागतं, ते हे तास मोजतं. मिनिटं संपली की जिथे असाल तिथे थांबायचं. पण थांबायला जागा तर हवी!

आम्ही धावपळ सुरू केली. स्लाइड-आउट आत घ्यायचा, जॅक उचलायचे, भांडी बांधायची. अर्धा तास लागला. तोवर तो निघून गेला होता. सकाळी बाहेर पडताना तो दिसला: रेस्ट एरियातून हायवेला लागणाऱ्या रॅम्पच्या कडेला, पांढऱ्या रेघेला चिकटून उभा. शेजारून रात्रभर गाड्या वेग घेत गेल्या असणार. काही झालं नाही. पण त्यात आमचं कर्तृत्व शून्य होतं.

नंतर वाचनात आलं ते जेसन रिव्हेनबर्गबद्दल. हा ट्रक ड्रायव्हर मार्च २००९ मध्ये साउथ कॅरोलिनात माल उतरवायच्या ठिकाणी वेळेआधी पोचला. तिथे थांबायची सोय नव्हती, म्हणून एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर ट्रक लावून झोपला. ७ डॉलरसाठी त्याला गोळी घातली गेली. त्याच्या पत्नीने पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये ट्रक पार्किंगसाठी "जेसनचा कायदा" झाला. जागा अजूनही कमीच पडतात.

तेव्हापासून मी पाळतो ते नियम असे:

१. छोटी गाडी छोट्या जागेत. ट्रकची जागा शेवटचा पर्याय, आणि तीही पाटीवर आर.व्ही. लिहिलं असेल तरच.

२. पार्किंग करायचं, बिऱ्हाड मांडायचं नाही. स्लाइड-आउट, छत, खुर्च्या, शेगडी बाहेर काढायची नाही. पाच मिनिटांत निघता आलं पाहिजे. जॅकही नको, कारण तापलेलं डांबर स्थिर वजनाखाली हळूहळू खचतं. (सिव्हिलवाल्यांना 'क्रीप' आठवत असेल.)

३. रात्री जनरेटर बंद. हिशोब करा: १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे १२०० वॅट-अवर. बॅटरी टिकावी म्हणून निम्मेच वापरू, म्हणजे ६००. दिवे, पाण्याचा पंप, मोबाइल आणि लॅपटॉप मिळून दीडशेच्या आसपास. रात्र आरामात निघते! दीड किलोवॅटचा ए.सी. मात्र त्याच ६०० वर २४ मिनिटं चालेल. ए.सी. हवाच असेल तर पैसे भरून वीज मिळणाऱ्या कॅम्पग्राऊंडवर जा. आवाजाचं सोडा, जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि शेजारच्याची खिडकी उघडी असते.

४. सांडपाण्याचा थेंबही जमिनीवर नको, भांड्यांचं पाणीसुद्धा. टाकी रिकामी करायची ती नेमून दिलेल्या डंप स्टेशनवरच.

५. शेजारी रेफ्रिजरेटेड ट्रक असेल तर त्याचं मशीन रात्रभर घरघरणार. आत कुणाचं तरी दूध किंवा मांस आहे. तक्रार करायची नाही, आपण जागा बदलायची.

६. झोप झाली की निघायचं. ८ तास ही मर्यादा आहे, हक्क नव्हे.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तुमच्यापैकी कुणी उद्या अशी गाडी घेऊन निघेलच. आपल्याकडे ड्रायव्हर ढाब्याच्या आवारात, केबिनमध्ये, कधी ट्रकखाली चादर टाकून झोपतात. त्यांच्या शेजारी गाडी लावाल तेव्हा एवढंच बघा, की आपण सहलीला आलोय आणि तो कामावर आहे. आपली झोप मोडली तर आपण दुसऱ्या दिवशी दुपारी झोपू. त्याची मोडली तर तो पहाटे चाळीस टनांचा ट्रक घेऊन आपल्याच मागे असेल.

त्या ड्रायव्हरचं नाव विचारायचं राहून गेलं. रस्सा मात्र उरला होता. त्याला वाढायचं त्या गडबडीत कुणाला सुचलं नाही.