आईच्या ठेवीवरचं दुसरं नाव

दर वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेत, एडिसनमधल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचे. आम्हा दोघांचे डब्ल्यू-२, बँकेचं १०९९, घरकर्जाच्या व्याजाचं १०९८, मुलीच्या डेकेअरच्या पावत्या. सगळं एका पिशवीत भरून टॅक्स करणाऱ्याकडे दिलं की मला मोकळं वाटायचं. इतक्या वर्षांत एकही नोटीस आली नव्हती, म्हणून सगळं ठीक आहे असं मी धरून चालले होते.

टॅक्स करणाऱ्याच्या प्रश्नावलीत एक प्रश्न असायचा: अमेरिकेबाहेर तुमचं खातं आहे का? मी दर वर्षी ‘नाही’वर खूण केली. लपवायचं काहीच नव्हतं. पाच लाखांची एक एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीची ठेव होती, पण तिच्या व्याजावर भारतात कर नाही, टीडीएस कापला जात नाही, त्याचा कागदही कुणी पाठवत नाही. मग ती सांगायची कशाला, असं वाटायचं. दुसरी गोष्ट सांगलीतली. बाबा २०१८ मध्ये गेले. त्यानंतर आईने तिच्या नऊ लाखांच्या ठेवींवर दुसरं नाव माझं लावून घेतलं. आपल्यामागे मुलीला बँकेत खेटे घालावे लागू नयेत, एवढाच तिचा हेतू. मी सुट्टीत गेले असताना सह्या केल्या आणि विसरून गेले. पैसे आईचे, त्यांचा माझ्या टॅक्सशी काय संबंध?

२०२३ च्या उन्हाळ्यात भारतातल्या बँकेने एक घोषणापत्र भरून मागितलं. त्यात माझा अमेरिकेतला टॅक्स क्रमांक लिहायचा होता. भारतातली बँक हा क्रमांक का मागते, म्हणून शोधायला बसले आणि त्या रात्री झोप लागली नाही. अमेरिकेने २०१० मध्ये फाटका नावाचा कायदा केला. भारताने जुलै २०१५ मध्ये त्याबाबतचा करार केला. तेव्हापासून अमेरिकी करदात्यांच्या भारतातल्या खात्यांची माहिती इकडच्या कर खात्याकडे येऊ लागली.

परदेशी खात्यांचं काम जाणणाऱ्या एका सीपीए बाईंकडे गेले. त्यांनी नियम सरळ शब्दांत सांगितला. इथे करापुरते तुम्ही रहिवासी असाल, मग नागरिक असा, ग्रीन कार्डवर असा की एच-१बी वर, तर जगभरातलं उत्पन्न इथे दाखवायचं. एनआरई व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत करपात्रच. शिवाय परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एका दिवसासाठी जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचं माहितीपत्रक, भरायचा. हे पत्रक कर खात्याच्या रिटर्नबरोबर जात नाही, ते वेगळं, ऑनलाइन, फिनसेन या अमेरिकी अर्थखात्याच्या शाखेकडे भरावं लागतं. संयुक्त खात्यात पैसे कुणाचे हे तिथे बघत नाहीत. तुमचं नाव आहे, तर त्या खात्याची पूर्ण शिल्लक कळवायची. व्याजाचं उत्पन्न कुणाचं धरायचं, हा वेगळा प्रश्न. माझे पाच आणि आईचे नऊ मिळून चौदा लाख, म्हणजे सोळा हजार डॉलरांच्या वर. मर्यादा आम्ही केव्हाच ओलांडली होती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बिटनर खटल्याचा निकाल दिला होता, तो मी नंतर वाचला. रुमानियात जन्मलेल्या या अमेरिकी नागरिकाने पाच वर्षं एफबार वेळेवर भरले नव्हते. सरकारने प्रत्येक खात्यामागे दंड धरून सत्तावीस लाख डॉलर मागितले. न्यायालय म्हणालं, जाणूनबुजून केलेली चूक नसेल तर दंड खात्यामागे नाही, पत्रकामागे. रक्कम पन्नास हजारांवर आली. मला हायसं वाटलं, पण अनवधानाने झालेल्या चुकीलाही वर्षाला दहा हजार डॉलरांहून जास्त दंड होऊ शकतो हेही कळलं.

आमची सुटका स्ट्रीमलाइन्ड नावाच्या योजनेतून झाली. तीन वर्षांची रिटर्न दुरुस्त करायची, सहा वर्षांचे एफबार भरायचे, राहिलेला कर व्याजासह द्यायचा आणि त्या काळातल्या वर्षअखेरच्या सर्वांत मोठ्या शिलकेवर पाच टक्के दंड. शिवाय चूक कशी झाली हे आपल्या शब्दांत, शपथेवर लिहून द्यायचं. ते निवेदन लिहायला मला तीन रविवार लागले. ‘माहीत नव्हतं’ एवढं चालत नाही. प्रश्नावलीत ‘नाही’ का लिहिलं, ठेवीवर नाव कधी आणि कशासाठी लागलं, सगळं तारीखवार सांगावं लागतं.

खरा जीव गेला तो कागद जमवताना. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, भारतातल्या बँकेचा व्याजाचा दाखला एप्रिल ते मार्च. एका वर्षाच्या हिशेबासाठी दोन दाखले लागतात आणि तेही पुरत नाहीत, कारण कोणत्या तिमाहीत किती व्याज पडलं ते वेगळं काढावं लागतं. पुनर्गुंतवणूक ठेवीत व्याज हाती येत नाही, मुद्दलात मिळत जातं, पण तेही दरवर्षी मोजायचं. शहात्तर वर्षांच्या आईने पासबुकाच्या पानापानाचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तिचा अंगठा आणि काही आकडे त्याच्याखाली. “अगं, परत काढून पाठवू का?” असं ती रात्री अकराला विचारायची. तिच्या सांगलीत तेव्हा रात्रीचे अकरा. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून आकडे उतरवत असायचे.

म्हणून आता माझी पद्धत बदलली आहे. दिवाळीला फोन करतानाच आईला सांगून ठेवते, की ३१ डिसेंबरची नोंद होताच पासबुक छापून घे. जानेवारीत बँकेकडून कॅलेंडर वर्षाचा खातेउतारा मागते, त्यातून एकूण व्याज आणि वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक काढते. एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या करपात्र खात्यातून टीडीएस कापला असेल तर त्याचा दाखला जपते, कारण तो दाखवला तर इथे त्या कराचं श्रेय मिळतं. भारतातले म्युच्युअल फंड असतील तर पहिल्याच भेटीत सांगा. त्यांचा फॉर्म ८६२१ वेगळा, किचकट असतो आणि तो न भरणं महाग पडू शकतं.

इथल्या कागदांबाबतही घाई नको. डब्ल्यू-२ जानेवारीअखेर मिळतो, पण ब्रोकरचं १०९९ फेब्रुवारीच्या मध्यावर येतं आणि बरेचदा मार्चमध्ये दुरुस्त होऊन पुन्हा येतं. कंपनीकडून मिळालेले शेअर विकले असतील तर पुरवणी पत्रक जरूर काढा. १०९९-बी वर खरेदी किंमत बहुतेकदा अपुरी दिसते. पगारात धरून ज्या रकमेवर कर भरला आहे, त्यावर पुन्हा कर बसू शकतो. डेकेअर चालवणाऱ्यांचा टॅक्स क्रमांक मागून ठेवा, २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीची लेखी पावती घ्या. सांगलीच्या देवळाला दिलेली देणगी मात्र इथे वजा होत नाही. कागद जमत नसतील तर १५ एप्रिलच्या आत मुदतवाढ मागता येते. ती रिटर्नला मिळते, पैसे भरायला मिळत नाही.

आणि टॅक्स करणाऱ्याला दोष देऊ नका. मी त्याच्यावर चिडले होते, ते चूक होतं. पिशवीत जे घातलं तेवढंच त्याने पाहिलं. रिटर्नवर सही माझी होती.

या रविवारी घरी फोन कराल तेव्हा आईवडिलांना एवढंच विचारा: कोणत्या खात्यावर, कोणत्या ठेवीवर माझं नाव लावलं आहे? उत्तर एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद टॅक्सच्या पिशवीत सगळ्यांत आधी घाला.