मॅकबेथ : तीन गुन्ह्यांचा आलेख

शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' मी कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीतून शिकले. परीक्षेतलं उत्तर ठरलेलं : अति महत्त्वाकांक्षेमुळे नाश झाला. मार्क मिळायचे! पण खरा प्रश्न वेगळाच आहे. राजा व्हायला निघालेला शूर सरदार लहान मुलांना मारण्यापर्यंत पोचतो कसा? मित्रांनो, आपण इंजिनिअर लोक. तीन रीडिंग्ज घेऊन बघू.

पहिलं, अंक दुसरा. बळी राजा डंकन. तो मॅकबेथचा नातलग आणि त्या रात्रीचा पाहुणा. मॅकबेथ कचरतो, बेत सोडून देऊ असं बायकोला सांगतो. ती डिवचते, तेव्हा स्वतःच्या हाताने खून करतो. त्याआधी त्याला हवेत खंजीर दिसतो. मिळतं काय? स्कॉटलंडची गादी.

दुसरं, अंक तिसरा. बळी बँको, लढाईतला सोबती. त्याचे वंशज राजे होतील असं चेटकिणींनी सांगितलेलं. आता मारेकरी पाठवले जातात, बायकोलाही पत्ता नाही. बँकोचा मुलगा निसटतो, म्हणजे हेतू फसलाच. मेजवानीत बँकोचं भूत मात्र दिसतं.

तिसरं, अंक चौथा. मॅकडफ इंग्लंडला पळाल्याचं कळताच मॅकबेथ त्याच्या बायकामुलांना मारायचं ठरवतो. शत्रू हाती लागणार नाही हे माहीत असून! फायदा शून्य. यानंतर ना खंजीर, ना भूत.

आता आलेख काढा. कचरणं कमी, फायदाही कमी, बळी मात्र जास्त निष्पाप. कंट्रोल सिस्टीममध्ये यालाच पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात. आउटपुट पुन्हा इनपुटमध्ये मिळत राहतं आणि सिस्टीम हाताबाहेर जाते. महत्त्वाकांक्षेने पहिला खून करवला. पुढचे भीतीने करवले, आणि ती भीती पहिल्या खुनातूनच जन्मली. चोरून मिळवलेल्या गादीवर बसलं की प्रत्येकजण चोर वाटतो.

गंमत म्हणजे इतिहासातला मॅकबेथ 1040 ते 1057 अशी सतरा वर्षं राजा होता, आणि डंकन लढाईत पडला होता. त्याला पाहुणा करून झोपेत मारलं ते नाटकाने. कारण क्रौर्याची सुरुवात विश्वासघातात दाखवायची होती. (मराठीतून वाचायचं असेल तर शिरवाडकरांचं 'राजमुकुट' आहे.)

मोठं व्हावंसं आपल्या सगळ्यांनाच वाटतं, वाटावंच. पण एखादं पाऊल टाकताना मन कचरलं, तर त्याला भित्रं म्हणून गप्प करू नका. लेडी मॅकबेथने नेमकं तेच केलं होतं.