मातीची गाडी आणि संग्राहकाचे कपाट

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या प्रकरणाला ज्या खेळण्यावरून नाव मिळाले, ते रंगभूमीवर फार थोडा वेळ दिसते. सहाव्या अंकात चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीच्या गाडीसाठी रडत नाही. शेजारच्या मुलाजवळ पाहिलेल्या सोन्याच्या गाडीसाठी रडतो. वसंतसेना आपली आई आहे, हेही त्याला पटत नाही, कारण आपल्या आईच्या अंगावर असे दागिने नसतात. तेव्हा ती अंगावरचे अलंकार उतरवून मातीच्या गाडीत भरते. नवव्या अंकात हेच अलंकार न्यायसभेत मैत्रेयाच्या काखेतून खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. प्रौढांनी खेळण्यात घातलेले मोल असे फाशाप्रमाणे आवळते.

जुन्या खेळण्यांच्या संग्रहाचा विचार करताना हा प्रसंग पुनःपुन्हा आठवतो. न्यूरेंबर्गच्या कारखान्यांतील किल्लीची पत्र्याची खेळणी संग्राहक कशी पारखतो? मूळचा रंग शाबूत हवा, किल्ली मूळचीच हवी. नव्याने रंगवलेल्या वस्तूची किंमत घसरते आणि मूळ खोक्यासह असलेल्या वस्तूची चढते. श्टाइफ अस्वलाच्या कानातील बिल्ला जागेवर असला तर विशेषच. म्हणजे ज्या खेळण्याशी कोणी खेळलेच नाही, ते सर्वांत मोलाचे! दिल्लीत 1965 साली शंकर पिल्लई यांनी उभारलेल्या बाहुल्यांच्या संग्रहालयात देशोदेशींच्या बाहुल्या काचेआड उभ्या आहेत. त्यांच्यापुढे मूल केवळ प्रेक्षक असते. संग्रहालयाला हे क्षम्य आहे. अभ्यासकाने मात्र तेवढ्यावर थांबू नये.

वाल्टर बेन्यामिन स्वतः संग्राहक वृत्तीचा होता. 1928 साली खेळण्यांविषयी लिहिलेल्या लेखांत त्याने असे प्रतिपादन केले की खेळ खेळण्यातून जन्मत नाही. मुलाला काही ओढावेसे वाटते म्हणून ते घोडा होते. रोलाँ बार्थ 1957 च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये लाकडी खेळण्याची बाजू घेतो, ती ते मुलाच्या सहवासात झिजत जाते म्हणून. दोघांच्या भूमिका भिन्न आहेत, पण झीज हा दोष नव्हे, या निष्कर्षाला त्या दोन्ही पूरक आहेत. हस्तलिखिताच्या समासातील टीप खोडून पोथी 'स्वच्छ' करणाऱ्या संपादकाला आपण क्षमा करणार नाही. मग ठकीचा पुसट झालेला चेहरा पुन्हा रंगवणाऱ्याला का करावी?

मराठी घरांतील भातुकलीकडे या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. पितळेची चूल, परात, खलबत्ता, जाते यांची मापे व धातू नोंदवणे सोपे. बाजारभाव ठरवणे त्याहून सोपे. परंतु चुरमुरे, दाणे आणि गूळ यांचा 'स्वयंपाक' कोणत्या भांड्यात होई, पाहुणी कोण होई, यजमानीण तिच्याशी कोणत्या भाषेत बोले, आणि परातीला पोचा कोणत्या भांडणात पडला, हे सांगणाऱ्या आज्या-आत्यांचे बोलणे नोंदवहीत येत नाही. वस्तू विकत घेताना ते बोलणे विक्रेत्यापाशीच राहते. मी पाहिलेल्या नोंदींत 'पोचा आहे' एवढेच असते, आणि तेही किंमत उतरवण्यासाठी.