आधी थांबणे

स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स पर्वताच्या कुशीत, सुमारे १,२७० मीटर उंचीवर, वेंगेन हे गाव आहे. तेथे मोटाररस्ता पोहोचत नाही. खालच्या दरीतून दातेरी रुळाची आगगाडी वर चढते. नेदरलँड्स या सपाट देशातील एक कुटुंब हिवाळ्याच्या सुटीत तेथे आले होते.

धाकट्या मुलीने बर्फावरून घसरण्याच्या लांब पट्ट्या, म्हणजे स्की, प्रथमच पायांत बांधल्या. मोठा भाऊ उंच उतारावरून वाऱ्यासारखा येई. तिलाही तसेच जावेसे वाटे. परंतु शिक्षकांनी तिला आधी थांबायला शिकविले. स्कींची पुढची टोके जवळ व मागची दूर ठेवली, की आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मंदावतो. ती वारंवार पडे, रडवेली होई आणि पुन्हा उठे.

तिसऱ्या दिवशी ती उतारावरून येत असता एक लहान मूल अचानक तिच्या वाटेत पडले. तिच्या छातीत धस्स झाले. पण पाय शिकलेले विसरले नव्हते. अवघ्या हातभर अंतरावर ती थांबली. तिने त्या मुलाला हात देऊन उठविले.

वरून पाहणारा भाऊ खाली आला व म्हणाला, "उद्या तू माझ्याबरोबर वर चल. तुला आता थांबता येते."