पन्नास खनिजांचा हिशेब

प्रस्तावना

हाती पैसे थोडे आणि गरजा अनेक, हा प्रसंग तुम्हांला अपरिचित नसेल. मिळालेली रक्कम आजची अडचण भागवण्यासाठी खर्च करावी, की उद्या उत्पन्न देईल अशा एखाद्या शिलाई यंत्रात, दुभत्या जनावरात किंवा शिक्षणात गुंतवावी, हा प्रश्न संसारात पदोपदी उभा राहतो. आश्चर्य वाटेल, पण जगभर गाजलेल्या एका संगणक-खेळाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. त्या खेळाचे नाव ‘स्टारक्राफ्ट’. वरवर पाहता ती परग्रहांवरील युद्धाची कल्पनारम्य कथा आहे. परंतु बारकाईने पाहिल्यास तो साधने, वेळ आणि अवधान यांच्या नियोजनाचा खेळ आहे. प्रस्तुत पाठात या खेळाची रचना, त्याचा दक्षिण कोरियातील प्रवास आणि त्यातून निर्माण झालेले प्रश्न यांचा परिचय करून घेऊ या.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• चालू काळातील व्यूहरचनेचा खेळ म्हणजे काय, ते सांगता येईल;
• खर्च आणि गुंतवणूक यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट करता येईल;
• एखाद्या करमणुकीचे गुण आणि धोके यांचा समतोल विचार मांडता येईल;
• ‘-णूक’ हा प्रत्यय लागून तयार होणारी नामे ओळखता येतील.

मूळ पाठ

१. थांबून न राहणारा पट

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंना सोळा-सोळा मोहरी असतात. एकाने चाल केली की दुसरा विचार करतो. त्याची चाल होईपर्यंत पहिला स्वस्थ बसतो. सारा पट दोघांनाही दिसत असतो. आता अशी कल्पना करा, की पाळी हा प्रकारच नाही. दोघेही एकाच वेळी चाली करीत आहेत. प्रतिस्पर्ध्याची मोहरी अंधारात आहेत. आणि आपली मोहरी पटावर आयती मिळालेली नसून ती स्वतःच कमावून उभी करावयाची आहेत. अशा खेळांना ‘रिअल-टाइम स्ट्रॅटेजी’, म्हणजे चालू काळातील व्यूहरचनेचे खेळ म्हणतात. १९९२ मध्ये आलेल्या ‘ड्यून २’ या खेळाने या प्रकाराची घडी घालून दिली.

‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ अमेरिकेतील ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या कंपनीने ३१ मार्च १९९८ रोजी प्रसिद्ध केला. त्याची जन्मकथा बोधप्रद आहे. १९९६ मध्ये एका प्रदर्शनात त्याचे पहिले रूप दाखवण्यात आले, तेव्हा ‘हा तर याच कंपनीचा जुना वॉरक्राफ्ट खेळ अंतराळात नेऊन ठेवला आहे’, अशी टीका झाली. निर्मात्यांनी ती टीका मनावर घेतली आणि खेळाची बरीचशी उभारणी नव्याने केली. १९९८ च्या अखेरीस ‘ब्रूड वॉर’ हा त्याचा विस्तारित भाग आला. १९९८ साली जगात सर्वाधिक खपलेला संगणक-खेळ तोच ठरला.

२. तीन जमाती, तीन स्वभाव

कथानक २५ व्या शतकाच्या अखेरीचे आहे. आकाशगंगेच्या एका दूरच्या भागात तीन जमातींचा संघर्ष चालू आहे. पृथ्वीवरून हद्दपार झालेल्या माणसांचे वंशज म्हणजे टेरन. झुंडीने हल्ला करणारे कीटकसदृश जीव म्हणजे झर्ग. आणि मनःशक्ती व यंत्रविद्या यांत प्रगत असलेली प्राचीन जमात म्हणजे प्रोटॉस.

या प्रकारच्या आधीच्या खेळांत दोन्ही पक्ष बहुधा एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे असत. स्टारक्राफ्टमधील तीन जमाती मात्र मुळातच भिन्न आहेत. इमारत बांधण्याची साधी गोष्ट घ्या. टेरनांचा कामगार बांधकाम पूर्ण होईपर्यंत जागेवर राबत राहतो. प्रोटॉसांचा कामगार बांधकामाचा आरंभ करून देतो आणि लगेच आपल्या नित्याच्या कामाला परततो. झर्गांचा कामगार तर स्वतःच इमारत बनून जातो. म्हणजे प्रत्येक इमारतीमागे एक कामगार कायमचा खर्ची पडतो.

सैन्याचेही तसेच. १०० खनिजांत प्रोटॉसांचा एक योद्धा, टेरनांचे दोन सैनिक किंवा झर्गांचे चार लढवय्ये उभे राहतात. एक बलवान, दोन मध्यम, चार दुर्बळ. तरीही योग्य हाती तिन्ही जमाती जिंकू शकतात. समानता म्हणजे एकसारखेपणा नव्हे, हे तत्त्व या खेळाने कृतीतून दाखवले.

पाठगत प्रश्न १
(अ) बुद्धिबळ आणि स्टारक्राफ्ट यांतील कोणतेही दोन फरक सांगा.
(आ) झर्गांना इमारत बांधणे महाग का पडते?

३. आजचा सैनिक की उद्याचा कामगार?

खेळ सुरू होताना प्रत्येकाजवळ चार कामगार आणि ५० खनिजे असतात. नवा कामगार घडवण्याची किंमतही नेमकी ५० खनिजे. कामगार खाणीतून एका खेपेस ८ खनिजे आणतो. सहा खेपांत ४८ खनिजे होतात. म्हणजे सातव्या खेपेला त्याची किंमत वसूल होते आणि त्यानंतरची प्रत्येक खेप हा निव्वळ लाभ ठरतो. म्हणून जाणकार खेळाडू हातातील ५० खनिजे पहिल्या क्षणालाच नव्या कामगारासाठी देतो.

मग सतत कामगारच वाढवावेत काय? तसे केल्यास शत्रूची छोटी तुकडीही येऊन सारा संसार उद्ध्वस्त करते. उलट आरंभीच कामगार घडवणे थांबवून सर्व खनिजे सैन्यावर घालणारा खेळाडू झटपट हल्ला करू शकतो; मात्र तो हल्ला फसला की त्याच्याजवळ पुन्हा उभे राहण्याइतके उत्पन्न उरत नाही. झर्गांच्या बाबतीत ही निवड अधिकच कठोर होते. त्यांचे कामगार आणि लढवय्ये एकाच प्रकारच्या अळीतून निपजतात, आणि एका पोळ्याजवळ एका वेळी तीनच अळ्या साठू शकतात. एक अळी कामगार झाली, की त्या अळीचा लढवय्या होत नाही. प्रत्येक निवडीबरोबर दुसरी एक शक्यता आपण सोडून देत असतो. अर्थशास्त्रात या सोडलेल्या संधीच्या मोलाला ‘संधी-व्यय’ म्हणतात.

या निर्णयासाठी लागणारी माहितीही सहज मिळत नाही. आपले कोणी जिथे नाही, तो प्रदेश धुक्याने झाकलेला असतो. म्हणून खेळाडू एखादा कामगार काढून शत्रूच्या गोटात टेहळणीला पाठवतो. तेवढा वेळ त्याची कमाई बुडते. पण शत्रू सैन्य जमवतो आहे की कामगार, हे कळते. माहितीलाही किंमत मोजावी लागते, ती अशी.

आणि खाण अक्षय नसते. ठरावीक साठा संपला की खडक नाहीसा होतो. वेळीच दुसरा तळ न वसवणारा खेळाडू, सैन्य कितीही मोठे असले तरी, हळूहळू निर्धन होतो.

पाठगत प्रश्न २
(अ) नव्या कामगाराची किंमत कितव्या खेपेला वसूल होते?
(आ) टेहळणीसाठी खेळाडू कोणती किंमत मोजतो?

४. दक्षिण कोरियाचा राष्ट्रीय छंद

हा खेळ अमेरिकेत जन्मला, पण त्याला खरे घर मिळाले ते दक्षिण कोरियात. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात त्या देशातील असंख्य लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच सुमारास तेथे वेगवान इंटरनेटचे जाळे पसरू लागले. ताशी भाडे घेऊन संगणक वापरू देणारी ‘पीसी बांग’ नावाची केंद्रे गल्लोगल्ली उघडली. नोकरी गमावलेल्या कित्येकांनी ती उपजीविकेचे साधन म्हणून सुरू केली. तेथे जमणाऱ्या तरुणांचा आवडता खेळ होता स्टारक्राफ्ट.

पाहता पाहता त्याच्या स्पर्धा दूरचित्रवाणीवर दिसू लागल्या. केवळ अशा खेळांना वाहिलेल्या वाहिन्या निघाल्या. मोठ्या उद्योगांनी पगारी संघ बांधले. लिम यो-ह्वान या खेळाडूने २००१ व २००२ ची जागतिक सायबर क्रीडा स्पर्धा सलग दोनदा जिंकली आणि त्याला चित्रपट-अभिनेत्यासारखे चाहते लाभले. जुलै २००४ मध्ये बुसान शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला सुमारे एक लाख प्रेक्षक आल्याचे सांगितले गेले. सक्तीच्या लष्करी सेवेमुळे खेळाडूंचा सराव तुटू नये, म्हणून २००७ मध्ये तेथील हवाई दलाने स्वतःचा संघही काढला.

५. नाण्याची दुसरी बाजू

ही झळाळी पाहताना तिची सावली दृष्टिआड करून चालणार नाही. व्यावसायिक खेळाडू संघाच्या निवासात एकत्र राहून दिवसाचे दहा-दहा तास सराव करीत. अनेकांनी कोवळ्या वयात शिक्षणाकडे पाठ फिरवली. परंतु कीर्ती आणि पैसा लाभला तो मोजक्यांनाच. २०१० मध्ये काही नामवंत खेळाडूंनी सट्टेबाजांशी संगनमत करून सामने मुद्दाम हरल्याचे उघडकीस आले. त्यांच्यावर आजन्म बंदी आली आणि प्रेक्षकांच्या विश्वासाला तडा गेला.

त्याहूनही वेदनादायक घटना ऑगस्ट २००५ ची आहे. एक कोरियन तरुण संगणक-केंद्रात सुमारे पन्नास तास जवळजवळ अखंड हा खेळ खेळत राहिला आणि अखेर हृदय बंद पडून मरण पावला. खेळापायी कामावर गैरहजर राहिल्याने त्याची नोकरी आधीच गेली होती, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. पडद्यावरील खनिजांचा हिशेब चोख ठेवणाऱ्याचा स्वतःच्या आयुष्याचा हिशेब मात्र चुकला.

पुढे २०११ मध्ये दक्षिण कोरियाने सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ खेळण्यास मनाई करणारा कायदा लागू केला. मुले पळवाटा शोधत, शिवाय भ्रमणध्वनीवरील खेळ त्यातून सुटत. त्यामुळे त्याच्या उपयुक्ततेविषयी वाद होत राहिला आणि जानेवारी २०२२ पासून तो रद्द झाला. मर्यादा बाहेरून घालणे अवघड असते. ती आतून यावी लागते, एवढे यातून दिसते.

६. खरे दुर्मीळ धन

२०१० मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ हा दुसरा खेळ आला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये या दुसऱ्या खेळात डीपमाइंड कंपनीच्या ‘अल्फास्टार’ या संगणक-प्रणालीने दोन व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी पाच डावांत हरवले. मात्र त्या डावांत प्रणालीला नकाशाचा सर्व दृश्य भाग एकाच वेळी पाहता येत होता. माणसाला एका वेळी नकाशाचा छोटा तुकडाच दिसतो आणि नजर सतत इकडून तिकडे न्यावी लागते. जानेवारी २०१९ मधील प्रदर्शनीय सामन्यात प्रणालीच्या नव्या आवृत्तीलाही हेच बंधन घातले गेले. तिला सरावासाठी अवधीही कमी मिळाला होता. तो डाव माणसाने जिंकला. पुढे अधिक सरावानंतर, ऑक्टोबर २०१९ मध्ये, ही प्रणाली माणसांच्या सर्वोच्च श्रेणीत जाऊन पोहोचली.

यातून या खेळाचे मर्म उलगडते. खनिजे दुसरीकडे मिळतात, पडलेले सैन्य पुन्हा उभारता येते. परंतु अवधान एका क्षणी एकाच ठिकाणी देता येते आणि गेलेला क्षण परत येत नाही. खेळातील हे सत्य खेळाबाहेरही तितकेच खरे आहे. दिवसभराचे काम उरकून रात्री पुस्तक उघडणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला ते कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याजवळचा थोडका वेळ आज कुठे द्यावा, याचा निर्णय तो रोज घेतच असतो. आजचा एक तास अभ्यासाला देणे म्हणजे पहिल्या पन्नास खनिजांचा कामगार घडवणे होय. त्याचे फळ लगेच दिसत नाही. पण सातव्या खेपेनंतर दिसू लागते.

शब्दार्थ

अवधान – लक्ष, एकाग्रता
मोहरी – बुद्धिबळातील सोंगट्या
खर्ची पडणे – वापरात येऊन संपणे
टेहळणी – गुप्तपणे केलेली पाहणी
संगनमत – वाईट कामासाठी केलेली गुप्त एकजूट
पदोपदी – वारंवार, प्रत्येक पावलावर

भाषाभ्यास

‘गुंतवणे’ या क्रियापदापासून ‘गुंतवणूक’ हे नाम तयार होते. त्याचप्रमाणे करमणे – करमणूक, वागणे – वागणूक, नेमणे – नेमणूक. ही सर्व नामे स्त्रीलिंगी असतात. आता पुढील क्रियापदांपासून नामे तयार करा : फसवणे, मिरवणे, निवडणे.

आपण काय शिकलो?

• स्टारक्राफ्टमध्ये पाळी नसते. निर्णय अपुऱ्या माहितीवर आणि धावत्या वेळेत घ्यावे लागतात.
• केवळ आजचा विचार किंवा केवळ उद्याचा विचार, दोन्ही घातक ठरतात.
• भिन्न गुणांचे पक्षही समतोल असू शकतात.
• करमणुकीला मर्यादा नसेल तर ती शिक्षण, नोकरी आणि प्राण यांवरही घाला घालू शकते.

स्वाध्याय

१. दक्षिण कोरियात हा खेळ लोकप्रिय होण्याची कारणे पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. ‘समानता म्हणजे एकसारखेपणा नव्हे’, हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. २०११ चा कायदा आणि त्याची परिणती यांविषयी तुमचे मत मांडा.
४. तुमच्या आयुष्यात ‘आज की उद्या’ अशी निवड करावी लागलेला एखादा प्रसंग दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) बुद्धिबळात पाळीने चाल होते, स्टारक्राफ्टमध्ये दोघेही एकाच वेळी खेळतात. बुद्धिबळात सारा पट दिसतो, स्टारक्राफ्टमध्ये बराच भाग झाकलेला असतो. (आ) कामगार स्वतःच इमारत बनतो, त्यामुळे तो कायमचा कमी होतो.
२. (अ) सातव्या खेपेला. (आ) टेहळणीला गेलेल्या कामगाराची तेवढ्या वेळेची कमाई.
भाषाभ्यास : फसवणूक, मिरवणूक, निवडणूक.