प्रजननन्याय : संज्ञा आणि चळवळींचे नाते

‘प्रजननन्याय’ ही संकल्पना १९९४ साली शिकागो येथे कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रियांनी मांडली. मूल न होऊ देण्याचा, होऊ देण्याचा आणि झालेले मूल सुरक्षित परिस्थितीत वाढविण्याचा, असे तीन हक्क तीत एकत्र येतात. यांपैकी पहिल्या हक्काचा विचार मराठी वैचारिक गद्यात बराच आधी झालेला दिसतो. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले व १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा पुरस्कार करणारे आंबेडकरांचे भाषण पी. जे. रोहम यांनी वाचले. जातिअंत व स्त्रीस्वातंत्र्य हे दोन्ही प्रश्न येथे एकमेकांना भिडतात.

मात्र त्या काळच्या संततिनियमनविषयक लेखनात ‘सुप्रजा’ ही कल्पनाही वावरत होती. कोणी जन्मावे आणि कोणी जन्मू नये, हा निवाडा त्या शब्दातच दडलेला आहे. पुढे तोच प्रश्न नव्या तंत्रज्ञानासह परतला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध स्त्रीवादी व आरोग्य चळवळींतील कार्यकर्ते एकत्र आले; महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला कायदा केला, तर केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. या लढ्यात रूढ झालेली ‘स्त्रीभ्रूणहत्या’ ही संज्ञा प्रभावी असली तरी निर्दोष नाही. १९७१ च्या कायद्याने विशिष्ट अटींवर गर्भपात वैध ठरविला. ‘हत्या’ हा शब्द मात्र गर्भपात करून घेणाऱ्या प्रत्येक स्त्रीस आरोपी करतो. ‘लिंगनिवड’ ही संज्ञा रोख भेदभावाकडे वळविते, म्हणून ती अधिक न्याय्य होय.

अपंगांच्या चळवळीने याहून अवघड प्रश्न उभा केला. लिंग पाहून गर्भ नाकारणे अन्याय्य असेल, तर व्यंग पाहून नाकारणे काय? १९९४ च्या कायद्याने जनुकीय विकारांच्या निदानास मुभा ठेवली. २०२१ च्या दुरुस्तीने वैद्यकीय मंडळाने निदान केलेल्या गंभीर गर्भव्यंगाच्या बाबतीत गर्भपाताची कालमर्यादाही काढली. १९९४ मध्येच शिरूर येथील शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये काढण्याच्या प्रकरणाविरुद्ध स्त्रीसंघटनांनी आवाज उठविला होता. निर्णय स्त्रीचाच, हे तत्त्व तेथे अपंग स्त्रीसाठीही मागितले गेले.

या दोन भूमिकांतील ताण स्त्रीच्या निर्णयावर बंधन घालून सुटणारा नाही. तिसऱ्या हक्काकडे, म्हणजे अपंग मूल वाढविण्यासाठी समाज कोणता आधार देतो याकडे, वळल्यासच तो सैल होतो. आधाराविना केलेली निवड ही निवड नव्हे. ‘सदोष गर्भ’ यासारखे शब्द वापरताना अभ्यासकाने ‘सुप्रजा’ या शब्दाचा इतिहास म्हणूनच ध्यानी ठेवावयास हवा.