परमुलखातील रात्र

परदेशी स्थायिक होण्याचा विषय निघाला की आपण नोकरी, पगार आणि जागा यांविषयीच बोलतो. रात्रीचे विचारले तर कोणीतरी 'नाईट लाईफ' म्हणतो आणि सारे हसतात. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. नव्या देशात माणूस दिवसा राबतो; रुजतो तो रात्री. यासाठी मी मॉरिशसमधील मराठी माणसांचे उदाहरण घेते. गिरमिट पद्धतीने तिकडे गेलेल्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचीही माणसे होती, हे कळल्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

गुलामगिरी बंद होऊ लागली तेव्हा तेथील ऊसमळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. १८३४ पासून १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या वर हिंदी मजूर त्या बेटावर उतरले. बहुतेक बिहारकडचे, कलकत्त्याहून गेलेले; काही मद्रासहून, आणि थोडे आपल्या मुंबई बंदरातून. पोर्ट लुई येथील ज्या धक्क्यावर ते उतरत, तो 'आप्रवासी घाट' २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवला.

दिवस मालकाचा होता. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापत. चिठ्ठीवाचून मळ्याबाहेर सापडला तर मजूर 'भटक्या' म्हणून पकडला जाई. १८६७ च्या कायद्याने तर जवळच्या तिकिटावर त्याचे छायाचित्रही लागू लागले. हिंडायची सोय नाही, मग करमणूक कोठची? सुरुवातीच्या जहाजांतून बायकाही फार थोड्या गेल्या. एका रांगेत बांधलेल्या खोल्या आणि त्यांत दमलेले पुरुष, अशी ती पहिली रात्र असणार. त्यातल्या कित्येकांना दारूने गाठले, हेही लपवण्यात अर्थ नाही.

पण हळूहळू घरे झाली, चुली पेटल्या आणि रात्रीला रूप आले. बिहारी मंडळींनी 'बैठका' काढल्या. तेथे दिवेलागणीनंतर पोथी वाचत, मुलांना अक्षरे शिकवत. (रात्रशाळेत शिकलेल्या बापाची मी मुलगी, मला याचे विशेष वाटते.) गुलामांच्या वंशजांचा 'सेगा' नाच शेजारीच होता, रावान नावाच्या चामडी वाद्याच्या ठेक्यावर रंगणारा. आणि आपली माणसे ब्लॅक रिव्हर, कास्कावेल या भागांत गणपतीत झाकरी नाचू लागली.

झाकरी म्हणजे आपली जाखडी! आमच्या वेळणेश्वरास गणपतीत रात्र रात्र चालते ती. मध्ये गाणारे बुवा, मृदंग आणि झांज. भोवती पायात चाळ बांधून फेर धरणारे नाचे. आम्ही मुली ओटीवरून पाहतो. शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना गाण्यातून कोडी घालतात. या नाचाला रंगमंच लागत नाही, तिकीट लागत नाही. दहा माणसे आणि अंगण पुरते. म्हणूनच तो जहाजातून जाऊ शकला, असे मला वाटते. सामान जप्त होईल, पायाचा ठेका कसा होणार?

भाषेचे मात्र तसे झाले नाही. आज मॉरिशसच्या बहुतेक मराठी घरांत क्रिओल बोलतात. मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकावी लागते. १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेतही ती शिकवतात. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. म्हणजे घरात क्रिओल बोलणारी मुले गणपतीपुढे झाकरीत मराठी शब्द म्हणतात. रोजच्या बोलण्यातून जी भाषा गेली ती नाचात शिल्लक राहिली, याचे नवल वाटते.

आपल्या चाकरमान्यांचे गिरणगावात निराळे काय झाले? एकाच खोलीत पाळीपाळीने अंथरूण वापरणारी माणसे सुट्टीच्या रात्री भजनाला बसत. आखातातल्या मजुरांच्या छावण्यांतही सुट्टीच्या आदल्या रात्रीची वाट पाहतात, असे तिकडून आलेले सांगतात.

या लेखासाठी मी वाडीतील वृद्धांना विचारत फिरले. मुंबई, बोटीवरची नोकरी, आखात, सारे त्यांना तोंडपाठ. मॉरिशसला आपल्या भागातून कोणी गेले होते हे मात्र एकालाही ठाऊक नव्हते. एका बुवांनी गाण्यांची जुनी वही काढून दाखवली. काशी, द्वारका, लंका अशी गावे तिच्यात होती. मॉरिशस कोठेच नव्हते. वही मिटताना त्यांनी विचारले, "तिथली मंडळी शक्तीवाली की तुरेवाली?"